पोवळ्यांची टाकी आणि पाण्याची पातळी

आमटी आटली की खारट होते, हे आपण रोज पाहतो. घरी समुद्राच्या पाण्याच्या टाकीत पोवळी पाळली म्हणजे हेच घडते. वाफ होते ती पाण्याची. मीठ मागे उरते. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, हे समुद्राचे प्रमाण दिवसेंदिवस चढत जाते, आणि पोवळे हा नाजूक प्राणी ते सोसू शकत नाही. म्हणून आपण आटलेल्या पाण्याची भर शुद्ध गोड्या पाण्यानेच घालावयाची. तरंगता गोळा व छोटा पंप हे काम आपोआप करतात : पातळी उतरली की पंप सुरू, भरली की बंद. मात्र गोळा अडकला तर पंप चालूच राहतो आणि खारेपणा एकाएकी उतरून पोवळी दगावतात. यास्तव गोड्या पाण्याचे भांडे आपण बेताचेच ठेवावे. ते सबंध रिते झाले तरी टाकीला धोका पोचू नये.