परक्या प्रणालीवरील खेळ

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणम्‌जवळ गोविंदपुरम् नावाचे गाव आहे. बोधेंद्र सरस्वतींच्या समाधीमुळे ते क्षेत्र म्हणून ओळखले जाते. अलीकडे तेथे विठ्ठल-रुक्मिणीचे मोठे मंदिरही उभे राहिले आहे. 1676 ते 1855 या काळात तंजावरावर भोसल्यांचे राज्य होते, आणि मराठी संतांचे अभंग या भागातील भजनपरंपरेत रुजले ते राज्य गेल्यानंतरही टिकून राहिले. हे अभंग गाणाऱ्यांपैकी कित्येकांना मराठी येत नाही. ते तमिळ लिपीत छापलेल्या पुस्तकांवरून गातात. तमिळ लिपीत मात्र क, ख, ग आणि घ या चारही वर्णांसाठी एकच अक्षर असते. म्हणून अशा पुस्तकांत अक्षराला लहानसा अंक जोडण्याचा प्रघात पडला आहे. ‘अभंग’ लिहावयाचे असल्यास भ साठी तमिळ ‘प’ ला 4 हा अंक जोडतात आणि ग साठी ‘क’ ला 3. गाणारा अंक पाहून योग्य तो उच्चार करतो. रचनेतील एकही शब्द त्यासाठी बदलावा लागत नाही.

एका संचालन-प्रणालीसाठी तयार झालेला संगणकीय खेळ दुसऱ्या प्रणालीवर चालविणे हा उद्योग पुष्कळसा याच जातीचा आहे.

त्याची गरज कोणास पडते, याचे उदाहरणही याच राज्यात सापडते. तामिळनाडू शासनाने 2011 साली शासकीय व अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. त्या संगणकांवर विंडोज आणि ‘बॉस’ अशा दोन संचालन-प्रणाली शेजारी शेजारी बसविलेल्या असत. बॉस ही सी-डॅक या संस्थेच्या चेन्नई केंद्रात लिनक्सच्या आधारे सिद्ध झालेली भारतीय प्रणाली होय. पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, धडे वाचणे ही कामे दोन्हींवर सारखीच होत. परंतु बाजारातील बहुतेक खेळ केवळ विंडोजसाठी बनविलेले असल्यामुळे खेळू पाहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने दुसरी प्रणाली असून नसल्यासारखीच होती. आता वरवर पाहता हे चमत्कारिकच आहे. दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर चालतात, प्रक्रियकही एकच. मग खेळाने एकीवर चालावे आणि दुसरीवर अडून बसावे, असे का?

प्रक्रियकाला ज्या आज्ञा समजतात त्या बेरीज करणे, तुलना करणे, स्मृतीतील आकडा उचलून दुसरीकडे ठेवणे अशा अगदी प्राथमिक स्वरूपाच्या असतात. त्या विंडोजच्या खेळात आणि लिनक्सच्या खेळात एकसारख्याच असतात. परंतु खेळाला एवढ्याने भागत नाही. त्याला धारिका उघडावयाची असते, पडद्यावर खिडकी मांडावयाची असते, ध्वनी काढावयाचा असतो. ही कामे तो स्वतः करीत नाही. संचालन-प्रणालीला विनंती करतो. ही विनंती कोणत्या नावाने आणि कोणत्या क्रमाने करावयाची, याचे शिष्टाचार प्रत्येक प्रणालीत निराळे आहेत. विंडोजच्या आज्ञावलीची धारिका ‘एमझेड’ या दोन अक्षरांनी सुरू होते. लिनक्सला ती बांधणीच अपरिचित. विंडोजमध्ये धारिकेचे नाव मोठ्या इंग्रजी लिपीत लिहिले काय किंवा लहान लिपीत लिहिले काय, धारिका तीच. लिनक्सच्या लेखी त्या दोन वेगळ्या धारिका असू शकतात. अशा सहस्रावधी बारीकसारीक भेदांनी मिळून ही भिंत बनलेली आहे.

भिंत ओलांडण्याचे दोन मार्ग संभवतात. एक म्हणजे संपूर्ण परके यंत्रच आज्ञावलीच्या रूपाने उभे करावयाचे आणि त्यात खेळ चालवावयाचा. हा मार्ग खात्रीचा खरा, पण महागडा. नकली यंत्राच्या एकेका हालचालीसाठी खऱ्या यंत्राला अनेक हालचाली कराव्या लागतात. दुसरा मार्ग दुभाष्याचा. खेळाच्या प्राथमिक आज्ञा प्रक्रियकाकडे जशाच्या तशा जाऊ द्यावयाच्या, आणि केवळ प्रणालीला केलेल्या विनंत्या मध्येच अडवून त्या यजमान प्रणालीच्या भाषेत सांगावयाच्या. ‘वाइन’ या आज्ञावलीने हा दुसरा मार्ग पत्करला. बॉब ॲमस्टड आणि एरिक यंगडेल यांनी 1993 मध्ये तिचा आरंभ केला. पुढील वर्षापासून तिची धुरा अलेक्झांडर ज्युलियार्ड यांनी वाहिली. तिची 1.0 ही आवृत्ती निघावयास 2008 चा जून महिना उजाडला. पंधरा वर्षे! हा विलंब आळसाचा नव्हता. विंडोजची मूळ संहिता गुप्त; ती पाहिलेल्या माणसाने वाइनसाठी काही लिहू नये असा दंडकच होता. तेव्हा बाहेरून प्रश्न विचारावयाचे, उत्तरे तपासावयाची आणि त्यावरून आतील वागणूक ताडावयाची, एवढाच उपाय उरे. त्यातही दुभाष्याला मूळ वक्त्याचे दोषसुद्धा उतरवावे लागत, कारण कित्येक खेळ विंडोजच्या एखाद्या चुकीवरच विसंबून लिहिलेले असत. ती चूक ‘दुरुस्त’ केली की खेळ बंद पडे.

सर्वांत अवघड भाग चित्रांचा. विंडोजवरील खेळ आपली दृश्ये ‘डायरेक्टथ्रीडी’ नावाच्या परिभाषेत मागतात. 2016 साली ‘व्हल्कन’ ही चित्रप्रक्रियकाच्या अधिक जवळ जाणारी मुक्त परिभाषा सिद्ध झाली, आणि तिच्यात हे भाषांतर करणारी ‘डीएक्सव्हीके’ ही आज्ञावली लवकरच पुढे आली. खेळांची विक्री करणाऱ्या व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र गुंफून ऑगस्ट 2018 मध्ये ‘प्रोटॉन’ प्रसिद्ध केले. प्रारंभी तपासून मान्य केलेले खेळ होते अवघे 27. परंतु फेब्रुवारी 2022 मध्ये त्याच कंपनीचे ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळावयाचे यंत्र लिनक्ससह बाजारात आले, आणि भाषांतर नीट होणे हा व्यापाराचाच प्रश्न बनला. नवी छायादृश्ये प्रथमच पडद्यावर येताना खेळ क्षणभर अडखळतो, तो या भाषांतराचाच परिणाम. एकदा झालेले भाषांतर साठवून ठेवतात, म्हणून दुसऱ्या वेळी तो अडखळत नाही.

काही विनंत्यांना मात्र यजमानाच्या भाषेत प्रतिशब्दच नव्हता. खेळातील अनेक कामे एकाच वेळी चालतात आणि ती एकमेकांसाठी थांबतात. ‘या पाच गोष्टींपैकी एखादी होईपर्यंत थांब’ किंवा ‘पाचही होईपर्यंत थांब’ असे विंडोजमध्ये एका विनंतीत सांगता येते. लिनक्समध्ये याचा तंतोतंत पर्याय नसल्यामुळे वाइनला प्रत्येक वेळी एका मध्यस्थ आज्ञावलीकडे धाव घ्यावी लागे; त्या येरझारांत वेळ जाई. अखेर मार्च 2025 मध्ये आलेल्या लिनक्सच्या 6.14 या आवृत्तीत, तिच्या गाभ्यातच, ‘एनटीसिंक’ नावाची सोय करण्यात आली. तमिळ अक्षराला जोडलेल्या अंकाचेच हे काम. लिपी तीच राहिली. परक्या उच्चारासाठी एक खूण तेवढी वाढली.

एवढे होऊनही काही खेळ चालत नाहीत, आणि त्यामागे भाषेची अडचण नसते. अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळांत लबाडी पकडण्यासाठी पहारेकरी आज्ञावली ठेवलेल्या असतात. त्यांपैकी काही विंडोजच्या गाभ्यात शिरून बसतात. दुभाष्यामागे तसा गाभा नसतो. काहींच्या निर्मात्यांनी 2021 पासून प्रोटॉनला वाट दिली आहे, पण ती उघडावयाची की नाही हे प्रत्येक खेळाच्या मालकाने ठरवावयाचे. ‘एपेक्स लीजंड्स’ हा खेळ लिनक्सवर चालत होता. लबाडीचे कारण देऊन ऑक्टोबर 2024 मध्ये मालकांनी ते दार लावून घेतले. लबाडीची त्यांची तक्रार खोटी ठरविता येणार नाही. तरी ज्याने पैसे देऊन वस्तू घेतली, त्याच्या हातात काय उरते, हा प्रश्न राहतोच.

2011 च्या योजनेतील लॅपटॉपांना व्हल्कनचा लाभ होणार नाही. ती परिभाषा त्यांच्या नंतरची आहे. त्यांच्यावरील विंडोज 7 ची सुरक्षा-दुरुस्ती 14 जानेवारी 2020 रोजी थांबली, आणि विंडोज 11 ला लागणारी सामग्री त्यांच्यात नाही. लिनक्स मात्र अशा यंत्रांवर अद्याप बसविता येते. वाइनमध्ये ‘ओपनजीएल’ या जुन्या परिभाषेत भाषांतर करण्याची सोयही शिल्लक आहे, आणि त्या वाटेने त्या काळातील व त्यापूर्वीचे पुष्कळसे खेळ चालतात. इतकेच नव्हे, तर विंडोज 3.1 साठी लिहिलेले सोळा बिटांचे खेळ, जे 64 बिटांच्या विंडोजने कधीच सोडून दिले, तेही वाइन आजच्या लिनक्सवर चालवून दाखविते.