ओळखपत्राचा फोटो मोबाइलवरच काढा

इटियाडोह धरणाच्या परिसरातल्या शाळेला किंवा पतसंस्थेला कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्रांसाठी अर्जुनी मोरगावचा स्टुडिओ गाठायची गरज नाही. ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरचा फोटो स्वच्छ छापायला सव्वादोन लाख पिक्सेल पुरतात. १२ मेगापिक्सेलचा मोबाइल १ कोटी २० लाख देतो. मोबाइलमध्ये नाक मोठं दिसतं, हा आक्षेप खरा. पण दोष अंतराचा आहे. हातभरावरून टिपलं की नाक कानांपेक्षा बरंच जवळ पडतं. म्हणून पाच-सहा फूट मागे सरा, दुप्पट झूम करा, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरा. धरणाकाठचं मोकळं ऊन मात्र टाळा, भुवयांखाली काळ्या सावल्या पडतात. व्हरांड्यात, उजेडाकडे तोंड करून, भिंतीपासून दोन पावलं पुढे उभं करा. आणि चेहरा गोरा करणारं ब्यूटी फिल्टर आधी बंद करा. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाचा रंग पुसायचा अधिकार कुणालाच नाही.