उरलेले दोन स्क्रू

कविता करणाऱ्या माणसाने स्क्रूवर बोलावं, हे तुम्हाला जरा विचित्र वाटेल. मलाही वाटलं असतं. पण गेल्या वर्षी पुण्यात मुलीच्या घरी तीन खणांचं कपाट आलं. आलं म्हणजे काय, एक चपटं, जड खोकं आलं. आत फळ्या, एकही शब्द नसलेली चित्रांची चोपडी आणि पिशवीभर बारीकसारीक लोखंड. जावई ऑफिसात, मुलगी फोनवर मीटिंगमध्ये. मी बी. ए., तेही मराठी घेऊन. म्हटलं, ओळीला ओळ जुळते, तर फळीला फळी का जुळणार नाही?

संध्याकाळपर्यंत कपाट उभं राहिलं. दोन स्क्रू, एक प्लॅस्टिकचा प्लग आणि एक कापडी पट्टी मात्र उरली. ‘‘अब्बा, हे कशाचं?’’ मुलीने विचारलं. ‘‘जास्तीचं देतात गं,’’ असं ठोकून देऊन मी ते वरच्या खणात टाकलं. त्या दोन स्क्रूंकडे मी परत येईन. आधी दिवसभरात बाकीच्यांनी मला काय शिकवलं ते सांगतो.

पहिला धडा फळीचा. सागवानाला रेषा असते, धागा असतो; स्क्रू त्यात शिरला की लाकूड त्याला घट्ट धरतं. ही फळी पार्टिकल बोर्डाची. लाकडाच्या ढलप्या आणि भुसा चिकट रसायनात कालवून, दाबून केलेली, वर छानसा कागद चिकटवलेला. स्क्रू पहिल्यांदा जातो तेव्हा या भुशात आपले आटे कोरतो, आणि ती पकड एकदाच नीट बसते. स्क्रू काढून पुन्हा कसाही पिळला, की तो दुसरेच आटे पाडतो आणि भोकाचा भुगा होतो. भाड्याच्या घरातून भाड्याच्या घरात जाणाऱ्या आपल्या मुलांची टेबलं तिसऱ्या घरात डुगडुगतात, ती यामुळेच.

यावर एक सोपी युक्ती आहे. स्क्रू भोकात ठेवा आणि आधी उलटा, म्हणजे सैल करायच्या दिशेने, हलकेच फिरवा. एका जागी तो किंचित खाली बसल्याचं बोटांना कळतं. जुना आटा सापडला! आता सुलटा फिरवा. भोक पार मेलंच असेल, तर काडेपेटीतल्या काडीचा गूल तोडा, काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून आत घाला, उरलेला भाग फळीलगत कापा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी स्क्रूला धरायला लाकूड मिळतं.

दुसरा धडा अधिकच्या चिन्हाचा. सगळे ‘प्लस’ सारखे, असं मी पन्नाशी उलटेपर्यंत समजत होतो. एक प्लस फिलिप्सचा. 1930च्या दशकात अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांनी तो पुढे आणला, त्यांचंच नाव त्याला राहिलं. दुसरा पोझिड्राइव्ह. त्याच्या चार हातांच्या मधे आणखी चार बारीक रेघा असतात. चष्मा लावून पाहिलं तर दिसतात. अशा जोडायच्या फर्निचरमध्ये हा दुसरा पुष्कळदा सापडतो. घरातला फिलिप्सचा स्क्रू-ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण बसत नाही. जोर लावला की निसटतो आणि डोकं कुरतडतो. मी तीन डोकी अशी बाद केली. बाद झालेला स्क्रू काढायचा तर ड्रायव्हर आणि डोकं यांच्यामध्ये रुंद रबरबँडचा तुकडा ठेवा, वरून चांगला दाब द्या आणि सावकाश फिरवा. पुष्कळदा निघतो.

आता खरा खट्याळ गडी. त्याला कॅम लॉक म्हणतात. एका फळीत डोकं असलेला बोल्ट बसतो. दुसऱ्या फळीत, आपल्या जुन्या पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा लहान, अशी गोल चकती. चकतीवर बाण असतो. तो बाण बोल्ट जिकडून आत येणार त्या भोकाकडे असायला हवा. मग साधारण अर्धा फेरा द्यायचा. चकतीच्या आतला उतार बोल्टचं डोकं धरतो, ओढून घेतो आणि दोन फळ्या एकमेकींना भिडतात. फारच देखणी कल्पना आहे ही. पण चकती फिरत नसेल तर जोर करू नका. एक तर बोल्ट त्याच्या कॉलरपर्यंत आत गेलेला नाही, किंवा दोन फळ्यांत फट आहे. चकती बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची, ठिसूळ. हट्ट केला की तुटते. विजेचं ड्रिल तर इथे लावूच नये.

आणि कुठलाच स्क्रू एकट्याने शेवटपर्यंत आवळू नका. सगळे थोडे सैल ठेवा. मागचा पातळ पत्रा ठोकण्याआधी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरा, मग दुसरे दोन कोपरे मापा. दोन्ही मापं सारखी आली तर कपाट काटकोनात आहे. मगच आवळा, मगच पत्रा ठोका. नाहीतर खण जन्मभर अडकतात.

आता ते उरलेले दोन. नात तेव्हा दोन वर्षांची होती. एका दुपारी तिने तिन्ही खण एकामागून एक ओढले आणि खालच्या खणावर पाय ठेवला, जिना समजून. कपाट पुढे झुकलं. मुलगी हाताच्या अंतरावर होती म्हणून वरचा आरसा तेवढा फुटला. खण बंद असताना वजन मागे असतं, ते सगळे उघडले की पुढे येतं, हे मला त्या दिवशी समजलं. मी चोपडी शोधली. शेवटच्या पानावर चित्र होतं : एक स्क्रू कपाटात, एक भिंतीत, मध्ये पट्टी.

कपाटं कलंडून मुलं दगावल्यानंतर जून 2016मध्ये आयकियाने एकट्या अमेरिकेत सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटं परत घ्यायची तयारी दाखवली होती. 2022च्या डिसेंबरमध्ये तिथे यासाठी वेगळा कायदाही झाला. आणि मी ती पट्टी खणात टाकली होती!

भिंतीतला स्क्रू नुसत्या प्लॅस्टरमध्ये टिकत नाही. भोक आत विटेपर्यंत गेलं पाहिजे, प्लगच्याच मापाचं पाहिजे. नव्या इमारतींत हलके, सच्छिद्र ब्लॉक असतात, त्यांना वेगळा प्लग लागतो. हार्डवेअरच्या दुकानात तसं सांगून मागावा.

घरमालकांनी भिंतीला भोक पाडायला आधी साफ नकार दिला. मी त्यांना फोनवर त्या दुपारची हकीकत सांगितली. तासाभराने ते स्वतःच आपलं ड्रिल घेऊन दारात उभे होते. त्यांनाही नातू आहे.