प्रौढ वयातील बात मित्स्वा : वाचनाच्या पूर्वतयारीचा भाषिक विचार

‘बात मित्स्वा’ या हिब्रू पदाचा शब्दशः अर्थ ‘आज्ञेची कन्या’ असा होतो. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मुलीस बारा वर्षे पूर्ण होताच धर्माज्ञापालनाचे दायित्व आपोआप प्राप्त होते. त्यासाठी समारंभाची आवश्यकता नाही. असे असता अमेरिकेत पन्नाशी-साठी उलटलेल्या अनेक स्त्रिया दीर्घकाळ अध्ययन करून हा विधी करतात, तो कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्रापेक्षा वाचनाच्या अधिकारात शोधावे लागते.

1922 च्या मार्चमध्ये न्यू यॉर्क येथे रब्बी मॉर्डेकाय कॅप्लन यांच्या कन्या ज्युडिथ यांनी बाराव्या वर्षी केलेले पठण हा अमेरिकेतील पहिला सार्वजनिक बात मित्स्वा मानला जातो. तथापि त्यांनी ते तोराच्या गुंडाळीतून नव्हे, तर मुद्रित पुस्तकातून केले होते. पुढे कित्येक सभांत मुलींचा विधी शुक्रवारी रात्री होऊ लागला. त्या उपासनेत मुळी तोरावाचनच नसते. 1970 नंतर प्रौढ स्त्रियांचे वर्ग वाढले, ते या पार्श्वभूमीवर. ज्युडिथ यांनीही 1992 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी, हा विधी पुन्हा केला. सनातनी पंथात स्त्रीपुरुषांच्या एकत्र सभेपुढे स्त्रीने तोरा वाचण्याची प्रथा सामान्यतः नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता तयारीचे स्वरूप पाहू. गुंडाळीत केवळ व्यंजने लिहिलेली असतात. स्वर, गेयचिन्हे, विरामचिन्हे यांपैकी काहीही नसते. द-ब-र या तीन व्यंजनांचे ‘दावार’ (शब्द), ‘देव्हेर’ (महामारी) अथवा ‘दिब्बेर’ (तो बोलला) असे निरनिराळे वाचन संभवते. म्हणून विद्यार्थिनी ‘तिक्कुन’ नामक पुस्तक वापरते. त्यात एका स्तंभात सचिन्ह पाठ व शेजारच्या स्तंभात गुंडाळीप्रमाणे चिन्हविरहित पाठ असतो. पहिल्यावरून पाठ बसवावयाचा व दुसऱ्यावर तो पारखावयाचा, असा हा क्रम होय.

यांतील गेयचिन्हांस ‘तेआमिम’ म्हणतात. ती केवळ चाल दाखवितात असे नव्हे; कोणते पद पुढच्याशी जोडावयाचे व कोणते तोडावयाचे, हेही ती सांगतात. उत्पत्तीच्या पहिल्या वचनात सात पदे आहेत. त्यांपैकी चारांवर विभाजक व तिहींवर संयोजक चिन्हे असून, तिसऱ्या पदावरील ‘एत्नाख्ता’ वचनाचे दोन भाग करते. अशा विभागणीने अर्थही ठरतो. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातील तिसऱ्या वचनात ‘अरण्यात’ हे पद पुकारणाऱ्याकडे जोडावयाचे की मार्ग सिद्ध करण्याच्या आज्ञेकडे? ख्रिस्ती शुभवर्तमानांत ते पुकारणाऱ्याकडे गेले आहे. हिब्रू चिन्हे ते आज्ञेकडे जोडतात. आपल्याकडील वेदपोथ्यांतील उदात्तादी स्वरचिन्हे प्रामुख्याने पदाचा स्वर दाखवितात. तेआमिम मात्र पदापदांतील संबंध दाखवितात. तेव्हा ही चिन्हे शिकणे म्हणजे एका अर्थी वाक्यविश्लेषणच शिकणे होय.

प्रौढ विद्यार्थिनीची खरी कसोटी येथेच लागते. आपल्या व्यवसायात मुरलेली व्यक्ती अक्षरओळखीपासून प्रारंभ करते. अर्थाचा अंदाज घेत झरझर वाचण्याची तिची जन्माची सवय येथे उपयोगी पडत नाही. एकेक व्यंजनावर थांबावे लागते. प्रत्यक्ष वाचनसमयी ‘याद’ नावाच्या दर्शिकेने ती ओळ दाखवीत असते आणि शेजारी उभा असलेला मनुष्य मुद्रित पाठावर लक्ष ठेवतो. अर्थ पालटणारी चूक झाली, की तो सर्वांसमक्ष ती दुरुस्त करतो व तिला ते पद पुन्हा म्हणावे लागते.

सारांश, आज्ञापालनाचे दायित्व तिच्याकडे बाराव्या वर्षापासूनच होते. विधीने ते नव्याने येत नाही. नव्याने येते ती वाचनाची क्षमता. एरवी दुसऱ्याचे वाचन ऐकत बसणारी स्त्री पुढील एखाद्या शब्बाथास वाचक हवा असता स्वतः उभी राहू शकते. प्रौढ वयातील या परिश्रमाचे प्रयोजन तेथे शोधावे, असे आम्हांस वाटते.