कॅमेऱ्याचें घराणें : कॅनन कीं निकॉन?

घरांत एखादी वस्तु आणावयाची असली म्हणजे तिची किंमत काय, ती टिकेल किती आणि शेजाऱ्यांकडे ती कशी चालते, इतकें पाहिलें कीं बहुधा काम भागतें. पंखा बिघडला तर दुसऱ्या कारखान्याचा पंखा त्याच आंकड्यास टांगतां येतो. परंतु भिंगें बदलतां येणाऱ्या कॅमेऱ्याची गोष्ट निराळी आहे. घेणाऱ्यास वाटतें कीं आपण एक कॅमेरा घेत आहों. वस्तुतः तो एका घराण्याशीं सोयरीक जोडीत असतो. पुढें भिंगें, बॅटऱ्या व दिवे बहुतांशीं त्याच घराण्यांतले आणावे लागतात, आणि मध्येंच घराणें बदलूं म्हटल्यास पहिला सगळा संसार मोडून विकावा लागतो. गेल्या वर्षीं हा प्रश्न आमच्याच घरीं उपस्थित झाला. त्या निमित्तानें जो विचार झाला तो वाचकांच्या उपयोगी पडेल, अशा समजुतीनें येथें देत आहों.

आमच्या ज्येष्ठ बंधूंस छायाचित्रणाचा फार नाद. ते निवर्तल्यास आतां सहा वर्षें झालीं. त्यांच्या मागें निकॉनचा एक फिल्मचा कॅमेरा व ५० मिलिमीटरचें एक भिंग कपाटांत राहिलें. त्यांची कन्या नोकरीस लागल्यावर वर्षभर शिल्लक टाकून कॅमेरा घेण्यास सिद्ध झाली. तिचे हेतु दोन होते. आमच्या मातुःश्रींस एक्क्याण्णवावें वर्ष लागलेलें. त्यांचीं चांगलीं चित्रें वेळींच काढून ठेवावीं, हा पहिला. व हिवाळ्यांत भिगवणच्या जलाशयावर येणारे पक्षी टिपावे, हा दुसरा. नोकरी परगांवीं असल्यामुळें कॅमेरा एरव्हीं वहिनींच्याच हातीं राहणार होता. पुतणी म्हणाली, "काका, बाबांचें भिंग निकॉनचें. मग निकॉनच घ्यावयाचा, नाहीं का?" वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांच्या मनांतहि तेंच होतें, हें उघड दिसत होतें.

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वी दोन्ही घराण्यांचा पूर्वेतिहास पाहणें अवश्य आहे. निकॉनची मूळ संस्था 'निप्पॉन कोगाकु' ही १९१७ सालीं जपानांत स्थापन झाली. कॅननचा आरंभ १९३३ सालीं तोकियोंतील एका लहानशा प्रयोगशाळेंत झाला. तिच्या १९३४ सालच्या पहिल्या नमुन्याचें नांव 'क्वानॉन' असें होतें. ही जपानी बौद्धांची करुणेची देवता. म्हणजे आपल्या अजिंठ्याच्या व कान्हेरीच्या लेण्यांत ज्याच्या मूर्ति आपण पाहतों, तोच अवलोकितेश्वर. मौजेची गोष्ट अशी कीं, १९३६ सालीं कॅननचा जो पहिला कॅमेरा विक्रीस आला, त्यावरचें भिंग निप्पॉन कोगाकुचें होतें! आज ज्यांच्या अनुयायांत हमरीतुमरी चालते, त्यांतील एकाला पहिला डोळा दुसऱ्यानें दिलेला आहे.

खरा भेद पडला तो पुढें. कॅमेऱ्याच्या तोंडाशीं भिंग अडकविण्याची जी कडी असते तिला माउंट म्हणतात. निकॉननें १९५९ सालीं आपली 'एफ' कडी काढली व फिल्म जाऊन डिजिटल कॅमेरे आले तरी ती सोडली नाहीं. आपोआप फोकस साधण्याची युक्ति निघाली तेव्हां त्यांनीं मोटर कॅमेऱ्याच्या अंगांत बसविली व एका लहानशा दांड्यानें ती भिंग फिरवूं लागली. कॅननचा मार्ग याच्या उलट. त्यांनीं १९८७ सालीं आपली जुनी कडी सरळ टाकून देऊन 'ईएफ' नांवाची नवी काढली आणि प्रत्येक भिंगांत स्वतंत्र मोटर बसविली. जुनीं भिंगें नव्या कॅमेऱ्यास बसेनात. तेव्हां कित्येक जुने ग्राहक रुष्ट झाले, यांत नवल नाहीं.

पुढें २०१८ सालीं दोघांनींहि पुनः नवी कडी आणली. कॅमेऱ्याच्या पोटांतील आरसा काढून टाकल्यामुळें भिंग मागें सरकवितां येऊं लागलें. निकॉनच्या जुन्या कडीपासून चित्र टिपणाऱ्या पृष्ठापर्यंतचें अंतर ४६.५ मिलिमीटर होतें, तें नव्या 'झेड' कडींत १६ वर आलें; कॅननचें ४४ होतें, तें 'आरएफ' कडींत २० झालें. मधली जागा भरून काढणारी जोडकडी घातली कीं जुनें भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसतें. मात्र येथें पूर्वकर्माचें फळ आडवें येतें. कॅननच्या १९८७ नंतरच्या ईएफ भिंगांत मोटर स्वतःचीच असल्यामुळें तीं आजहि आपोआप फोकस साधतात. निकॉनच्या ज्या जुन्या भिंगांत मोटर नाहीं, त्यांस फिरविणारी मोटर ना झेड कॅमेऱ्यांत आहे, ना निकॉनच्या स्वतःच्या जोडकडींत. तीं हातानेंच फिरवावीं लागतात.

आमच्या बंधूंचें भिंग नेमकें याच जातीचें निघालें. इतकेंच नव्हे, तर त्याच्या अंगावर छिद्र लहानमोठें करण्याची कडी असल्यामुळें, एक साधी जोडकडी घेतली तर तें कॅननच्या नव्या कॅमेऱ्यावरहि बसतें. तेथेंहि फोकस हातानेंच. फक्त छिद्र त्या कडीनें ठरवावें लागतें, जें निकॉनवर कॅमेरा स्वतः सांभाळतो. म्हणजे ज्या एका कारणानें निकॉनचें पारडें जड वाटत होतें तें कारण जवळ जवळ समतोल झालें. हें पुतणीस समजावून सांगतांना आम्हांस थोडें वाईट वाटलें. पण वस्तुस्थिति लपवून दिलेला सल्ला तो सल्लाच नव्हे.

आतां प्रत्यक्ष कॅमेरे. तिच्या शिलकींत बसणारे दोन होते: कॅननचा २०२३ सालचा आर ५० व निकॉनचा २०२४ सालचा झेड ५० द्वितीय. पहिल्याच्या चित्राची लांबी ६००० ठिपके, दुसऱ्याची ५५६८. घरांत टांगावयाच्या चित्रांत हा फरक कोणासहि दिसणार नाहीं. चित्र टिपणारें पृष्ठ निकॉनचें किंचित् मोठें आहे, इतकेंच. हात हालला असतां सांवरून धरण्याची सोय दोहोंच्याहि अंगांत नाहीं. ती भिंगांत पाहावी लागते. दुसऱ्या कारखानदारांचीं भिंगें हवीं असल्यास निकॉननें दार आधीं उघडलें. कॅननच्या नव्या कडीकरितां सिग्मा व टॅमरॉन यांनीं लहान पृष्ठाच्या कॅमेऱ्यांचीं भिंगें २०२४ सालीं जाहीर केलीं. ठळक भेद वजनाचा: बॅटरीसह कॅनन सुमारें ३७५ ग्रॅम, निकॉन सुमारें ५५०.

कागदावरचा विचार येथें संपला. आमच्या दोन परिचितांकडे हे कॅमेरे होते. एका रविवारीं दोन्ही मागून आणले. मातुःश्री माजघरांत खिडकीपाशीं वाती वळीत बसल्या होत्या. निकॉनवर जोडकडी व बंधूंचें भिंग चढविलें, तेव्हां एकूण वजन पाऊण किलोच्या वर गेलें. वहिनींचें उजवें मनगट दोन वर्षांपूर्वी पडल्यापासून दुखरें आहे. एका हातानें तो भार पेलून दुसऱ्या हातानें भिंग फिरवीत त्यांनीं वीसएक चित्रें काढलीं. परंतु मातुःश्रींची मान सारखी हालत असल्यामुळें डोळे स्पष्ट आले ते तीन चित्रांत. मग कॅननवर त्याचेंच ५० मिलिमीटरचें १६० ग्रॅमचें भिंग लावून दिलें. कॅमेरा डोळा आपण होऊन हुडकी. वहिनींस केवळ कळ दाबावयाची होती. बहुतेक चित्रें साधलीं.

दुपारीं पुतणीनें दोन्ही कॅमेरे लांब पल्ल्याचें भिंग लावून अंगणांतील बुलबुलांवर रोखून पाहिले. तिचा कौल स्वच्छ होता. निकॉनची मूठ खोल असल्यामुळें जड भिंगासह तो हातांत घट्ट बसतो. पक्ष्यांकरितां तोच बरा. म्हणजे घरांतल्या दोन कामांस दोन निराळे कॅमेरे योग्य ठरले, आणि पैसे तर एकाचेच होते.

रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं दोन्ही बाजू तिच्यापुढें मांडल्या व निर्णय तिच्यावर सोंपविला. ती थोडा वेळ बसून राहिली, आणि म्हणाली, "काका, पक्षी पुढल्या हिवाळ्यांतहि येतील." अधिक बोलण्याचें कारण उरलें नाहीं. कॅनन घेतला.

यावरून कॅनन सर्वांनीं घ्यावा, असा अर्थ कोणी काढूं नये. वहिनींचें मनगट धड असतें, किंवा पक्षी हाच मुख्य हेतु असता, तर आम्हीं खुशाल निकॉन घ्यावयास सांगितलें असतें. आमचें सांगणें इतकेंच कीं, कोणतें घराणें श्रेष्ठ, हा वाद दुकानदारांस व हौशी मंडळींस लखलाभ असो. गृहस्थानें स्वतःस चार प्रश्न विचारावे. येत्या दोन वर्षांत मला कोणाचीं व कशाचीं चित्रें हवीं आहेत? कॅमेरा बहुतेक दिवस कोणाच्या हातीं राहणार? पहिल्यानंतर जें दुसरें भिंग लागणार, तें त्या घराण्यांत आहे काय, आणि माझ्या ऐपतींत आहे काय? घरांत जुनें भिंग असल्यास त्यांत मोटर आहे काय? याखेरीज जवळच्या आप्तांपैकीं कोणाकडे ज्या घराण्याचीं भिंगें असतील, तिकडे थोडें झुकण्यास हरकत नाहीं. उसनें मिळणारें भिंग ही मोठी सोय आहे. शेवटीं, दोन्ही कॅमेरे प्रत्यक्ष हातीं धरल्यावांचून पैसे देऊं नयेत.

बंधूंचें भिंग मात्र कपाटांत परत गेलें नाहीं. एक साधी जोडकडी आणून वहिनींनीं तें नव्या कॅमेऱ्यावर चढविलें. एके दिवशीं मातुःश्री पोथी ऐकत स्वस्थ बसल्या असतां, घाई न करितां, कोपर मांडीवर टेकून, हातानें फोकस साधून त्यांनीं एक चित्र काढलें. तें आज आमच्या बाहेरच्या खोलींत लावलेलें आहे. मातुःश्री त्याखालीं बसून प्रत्येक पाहुण्याजवळ तक्रार करितात कीं, "यांत मी फारच म्हातारी दिसतें." तें चित्र काढून दुसरें लावूं काय, असें विचारलें तर मात्र त्या नको म्हणतात.