वाळूत पुरलेल्या बांबूचे सूर

मैत्रिणींनो, ऑर्गन म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा. त्यात पेटीसारख्याच पितळी पट्ट्या वाजतात. चर्चमधला मोठा ऑर्गन निराळा. त्यात शेकडो नळ्या उभ्या असतात. पट्टी दाबली की भात्यातला वारा नेमक्या नळीत शिरतो. एकट्या माणसाने शेकडो बासऱ्या वाजवाव्यात, तसंच की हे!

या नळ्या बहुधा शिसे-कथलाच्या नाहीतर लाकडाच्या. पण फिलिपाइन्समध्ये मनिलाजवळ लास पिन्यास इथे दिएगो सेरा या स्पॅनिश पाद्रीबाबांनी १८१६ साली ऑर्गन करायला घेतला तो चक्क बांबूचा! आता बांबूला कीड लागते, हे सूप-टोपल्या वापरणाऱ्या आपल्याला कुणी सांगायला नको. खाली पीठ झडलेलं दिसलं की समजावं, आत पाहुणे आले. पाद्रीबाबांनी काय केलं, तर कापलेले बांबू कित्येक महिने समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले. किडीला हवा असतो तो बांबूतला पिठूळ अंश. ओल्या खाऱ्या वाळूत तो कमी होतो. एवढं सोसून जे टिकले, तेच त्यांनी घेतले. आपल्याकडेही बांबू पाण्यात मुरवतात ते याचसाठी.

१८२४ मध्ये ऑर्गन पुरा झाला. नळ्या १,०३१, त्यातल्या ९०२ बांबूच्या. तुतारीसारख्या आवाजाच्या नळ्या मात्र धातूच्याच कराव्या लागल्या.

किडीतून वाचलेल्या या वाद्याला पुढे भूकंपांनी आणि वादळांनी गाठलं. एकदा छपराला धक्का लागला की पावसाला कोण अडवणार? नळीला बारीकशी चीर गेली तरी सूर बिघडतो. विसाव्या शतकात बऱ्याच नळ्या मुक्या झाल्या.

अखेर १९७३ मध्ये तो दुरुस्तीसाठी जर्मनीत बॉनला, क्लाइस यांच्या कारखान्यात धाडला. पण दमट हवेत वाढलेला बांबू तिथल्या कोरड्या थंडीत तडकला असता! म्हणून त्याच्यासाठी फिलिपाइन्ससारखी उबदार, दमट हवा राखलेली वेगळी खोली केली. मला तर याचंच फार कौतुक वाटलं. बाळंतिणीची खोलीच म्हणा ना. १९७५ मध्ये तो घरी परतला आणि १९७६ पासून तिथे त्याचा वार्षिक संगीतमहोत्सव सुरू झाला.

त्यात पाण्यात बुडवलेल्या चिमुकल्या नळ्याही आहेत. वारा सोडला की पाखरांची किलबिल ऐकू येते.