स्क्रूबीची टपालचौकी

थैली चौकीवर आली की पाव तासाच्या आत ती पुढे निघाली पाहिजे. घोडा बदलायचा, नवा स्वार चढवायचा, थैली कधी आली ते वहीत टिपायचं, की निघाली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या सरकारी टपालाला घालून दिलेला हा नियम वाचला आणि त्या कामाशी माझी एकदम ओळख पटली. माझी नोकरी आर.एम.एस.मधली, म्हणजे रेल्वेच्या टपालडब्यातली. मनमाडला गाडी थांबायची तेवढ्यात बॅगा उतरवायच्या, चढवायच्या, लाखेची सीलं शाबूत आहेत ना ते बघायचं आणि सही करून ताबा घ्यायचा. निवृत्तीनंतर जुन्या टपालाचा नाद लागला, तेव्हा स्वारांच्या शौर्यकथांपेक्षा मला चौकीवरच्या माणसाचंच कुतूहल जास्त वाटत आलं.

स्वारांची नावं राहतात. सर रॉबर्ट केरीचं राहिलं. २४ मार्च १६०३ला पहाटे राणी एलिझाबेथ वारली. केरी सकाळी लंडनहून निघाला, पहिल्या रात्री डॉनकास्टर गाठलं, आणि शनिवारी २६ तारखेला रात्री एडिंबरोच्या राजवाड्यात जाऊन स्कॉटलंडचा राजा जेम्स याला ‘आता इंग्लंडचे राजे तुम्ही’ ही वर्दी दिली. सुमारे चारशे मैल. शेवटच्या टप्प्यात तो घोड्यावरून पडला, डोक्याला घोड्याची लाथ बसली, तरी थांबला नाही. मोठाच पराक्रम. पण घोडा असा तीन दिवस धावत नाही. वाटेत दर दहा-पंधरा मैलांवर खोगीर चढवायला ताजा घोडा आणि तो देणारा माणूस हजर लागतो. डॉनकास्टरच्या अलीकडचा टप्पा स्क्रूबीचा, आणि त्या वर्षी तिथला पोस्टमास्टर होता विल्यम ब्रूस्टर.

मुलीकडे यॉर्कशरला गेलो होतो तेव्हा स्क्रूबी पाहून आलो. नॉटिंगहॅमशरच्या उत्तर टोकाचं लहानसं खेडं. सेंट विल्फ्रिडचं चर्च, रायटन नावाची छोटी नदी, आणि यॉर्कच्या आर्चबिशपांच्या जुन्या वाड्याचा उरलेला थोडा भाग. त्यात आता खाजगी घर आहे, आत जाता येत नाही. लंडन-एडिंबरोचा जुना राजरस्ता या गावावरून जायचा. आता मोठ्या गाड्या बाहेरून जातात. रस्त्याकडेला उभं राहून मी मनातल्या मनात हिशेब मांडत होतो. दक्षिणेकडची चौकी टक्सफर्ड, तेरा-चौदा मैलांवर. उन्हाळ्यात ताशी सात मैल आणि हिवाळ्यात पाच मैल ही सरकारने ठरवलेली चाल. म्हणजे उन्हाळ्यात दोन तास, आणि जानेवारीच्या चिखलात जवळजवळ तीन. रात्री टक्सफर्डहून सुटलेली थैली पहाटे इथे येणार. ती येण्याआधी शिंग ऐकू येणार, कारण गावात शिरताना, वाटेत कुणी भेटलं तर, आणि नाहीतर मैलाला निदान तीन वेळा शिंग वाजवणं स्वाराला सक्तीचं होतं. ते ऐकून चौकीवाल्याने उठायचं. सरकारी कामासाठी दोन घोडे कायम तयार ठेवायचे, आतून कापडाचं अस्तर लावलेल्या दोन चामडी थैल्या ठेवायच्या, शिंगं ठेवायची. घोडे त्याचे, वैरण त्याची, पोरगा त्याचा. सरकार देणार फक्त रोज.

ब्रूस्टर काही साधा खाणावळवाला नव्हता. केंब्रिजला शिकलेला, राणीचा सचिव विल्यम डेव्हिसन याच्या पदरी राहिलेला, परदेश पाहिलेला. १५८७मध्ये डेव्हिसनवरची राणीची मर्जी गेली, तशी ब्रूस्टरची दरबारी वाटही बंद झाली आणि तो गावी परतला. वडील स्क्रूबीचे पोस्टमास्टर होते. १५९०मध्ये ते वारल्यावर चौकी याच्याकडे आली. तीही सुखासुखी नाही. टपालखात्याचे मुख्य सर जॉन स्टॅनहोप यांना तिथे दुसराच माणूस हवा होता. डेव्हिसनने शब्द टाकला म्हणून ब्रूस्टरची नेमणूक टिकली. रोज वीस पेन्स, पुढे दोन शिलिंग. त्याच वाड्यात पुढे सरकारी चर्चपासून वेगळं होऊ पाहणाऱ्यांच्या गुप्त प्रार्थनासभा भरू लागल्या. ज्या घरातून सरकारी थैल्या जात, त्याच घरात सरकारला नको असलेली माणसं जमत. १६०७मध्ये त्याने चौकी सोडली, वर्षभरात हॉलंड गाठलं, आणि १६२०मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजाने अमेरिकेला गेला. तिकडच्या इतिहासात तो मोठा माणूस आहे. माझ्या लेखी त्याच्या चौकीवरच्या सतरा वर्षांचं मोल त्याहून कमी नाही.

चौकीवाल्याचं खरं काम घोड्यापेक्षा नोंदीचं होतं. वहीतली नोंद वेगळी, आणि घाईच्या सरकारी पत्रावर वरच्या अंगाला केलेली नोंद वेगळी. अशा पत्रांची छायाचित्रं मी भिंगाखाली पाहिली आहेत. एका बाजूला पत्ता, त्याच्याखाली पाठवणाऱ्याने केलेली ताकीद: घाई करा, जिवाची घाई करा. काहींवर तर फासाचा खांब काढलेला आहे, वेळ लावाल तर काय होईल ते अडाण्यालाही कळावं म्हणून. त्याखाली गावागावांची नावं आणि वेळा, प्रत्येक ओळ वेगळ्या हातची. कुठे शाई दाट, कुठे पाणी घातल्यासारखी फिकी. एखादी ओळ घाईत तिरपी उतरत गेलेली, एखादी ठसठशीत. दोन ओळींतल्या वेळा वजा केल्या की कोणत्या टप्प्यावर किती उशीर झाला ते लगेच कळतं, आणि वरिष्ठांनाही ते तसंच कळायचं. आमच्या डब्यातही हाच कायदा होता. बॅग कुणाच्या हातून कुणाच्या हाती किती वाजता गेली हे कागदावर नसेल, तर ती हरवल्यावर शेवटची सही ज्याची, तो धरला जाणार.

पाकीट नावाची वस्तू तेव्हा नव्हती. पत्राचाच कागद घडी घालून बंद करायचा. त्यातली एक रीत मी घरी करून पाहिली. कागदाच्या कडेची लांब, निमुळती पट्टी सुरीने कापायची, पण एका टोकाला जोडलेलीच ठेवायची. कागदाच्या घड्या घालून लहान चौकोन करायचा. मग सगळ्या घड्यांतून आरपार सुरीचं टोक घालून चीर पाडायची, पट्टी तिच्यातून ओवून घ्यायची, ओढून घट्ट करायची आणि टोकावर लाख. आता पट्टी फाडल्याशिवाय पत्र उघडत नाही, आणि फाटलेली पट्टी लपत नाही. सुरी जाड असली की चीर फाकते आणि पट्टी सैल बसते. हे दोन-तीन कागद वाया घालवल्यावर समजलं. पातळ पात्याची पेनसुरी घेतल्यावर बेत जमला.

आता पगाराची गोष्ट, आणि ती सांगताना मला अजूनही राग येतो. १६२८मध्ये इंग्लंडभरच्या ९९ पोस्टमास्तरांनी सरकारकडे अर्ज केला. १६२१पासून वेतन मिळालेलं नाही, काहीजण कर्जापायी तुरुंगात आहेत, बाकीच्यांवर तीच पाळी आहे. थकबाकी २२,६२६ पौंड. सात वर्षं ही माणसं पदरच्या वैरणीवर राजाचे घोडे पोसत होती, आणि राजा त्यांच्याकडे ताशी सात मैलांचा हिशेब मागत होता.

यातून वाट निघाली ती अशी की टपाल लोकांना खुलं करायचं आणि खर्च त्यांच्याकडून काढायचा. थॉमस विदरिंग्ज या लंडनच्या व्यापाऱ्याने योजना मांडली आणि ३१ जुलै १६३५ला राजा पहिल्या चार्ल्सने तिचा जाहीरनामा काढला. लंडन-एडिंबरो टपाल रात्रंदिवस धावणार, सहा दिवसांत जाऊन परत येणार. एका कागदाच्या पत्राला ऐंशी मैलांपर्यंत दोन पेन्स, एकशे चाळीसपर्यंत चार, त्यापुढे सहा, स्कॉटलंडला आठ. कागद दोन तर पैसे दुप्पट. पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याकडून घ्यायचे, म्हणजे बहुतेक टपाल नॉटपेड. पण विदरिंग्जच्या योजनेतली मला सर्वांत भावलेली गोष्ट वेगळी आहे: मोठ्या थैलीत प्रत्येक गावाची आपली लहान पिशवी. स्वाराने गावात ती तेवढी काढून द्यायची, तिथली पत्रं घ्यायची आणि पुढे निघायचं. आडगावची पत्रं पायी जासूद नेणार. सगळी पत्रं एकात कोंबली तर दर चौकीवर पसारा उपसावा लागतो आणि पाव तासाचा अर्धा तास होतो. सॉर्टिंगच्या खणांपुढे उभं राहिलेल्या कुणालाही त्या लहान पिशव्यांची किंमत सांगावी लागणार नाही.

लोकांची पत्रं सरकारच्या थैलीत आली आणि सरकारच्या हातातही आली. १६५७च्या टपाल कायद्याच्या प्रस्तावनेतच म्हटलं आहे की राज्याविरुद्धचे घातक बेत उघडकीला आणायला टपाल हे उत्तम साधन आहे. तेव्हा राजेशाही जाऊन क्रॉमवेलची सत्ता होती, आणि त्याचा सचिव जॉन थर्लो याच्याकडे टपाल होतं. थर्लोचा माणूस आयझॅक डॉरिस्लॉस टपालाच्या रात्री अकराच्या सुमाराला कचेरीलगतच्या एका बंद खोलीत जाऊन बसे, पत्रं त्याच्यापुढे आणली जात, आणि हवी ती उघडून तो वाचत असे. आमच्याकडे फुटलेल्या सीलाचा तिथल्या तिथे, दोघांच्या सह्यांनिशी कागद करावा लागे. चौकीवाल्याने रात्री उठून विश्वासाने पुढे धाडलेली थैली अशा खोलीत रिकामी होत असेल, तर त्याच्या जागरणाचा तो अपमान आहे असं मला वाटतं.

राजेशाही परत आल्यावर १६६०मध्ये टपालाचा इजारा हेन्री बिशप याने घेतला. वर्षाला २१,५०० पौंड, सात वर्षांसाठी. बत्तीस वर्षांपूर्वी सरकार चौकीवाल्यांचं जेवढं देणं लागत होतं, जवळजवळ तेवढीच रक्कम आता दरवर्षी टपालातून सरकारकडे येऊ लागली. पत्रं मुद्दाम अडकवून ठेवतात अशी बिशपविरुद्ध तक्रार होती. त्यावर त्याने १६६१मध्ये शिक्का काढला: लहान वर्तुळ, मधे आडवी रेघ, एका भागात महिन्याची दोन अक्षरं, दुसऱ्यात तारीख. पत्र कचेरीत कोणत्या दिवशी आलं ते आता पत्रावरच आहे, ते दाबून ठेवायची कुणाची छाती होणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. जगातला हा पहिला तारखेचा टपालशिक्का मानतात.

तसा शिक्का असलेला एक कागद माझ्या संग्रहात आहे. वर्तुळ माझ्या करंगळीच्या नखाएवढं, तपकिरी पडलेलं. शिक्क्यात वर्ष नसतं. पण सुरुवातीला महिना वरच्या अर्ध्यात असे आणि १७१३मध्ये तो खाली गेला. माझ्याकडच्या शिक्क्यात महिना वर आहे. आतला मजकूर पाण्याने गेला आहे, मात्र मागच्या घडीवर पत्र मिळणाऱ्याने स्वतःसाठी केलेली ‘एक्झेटरहून’ अशी नोंद वाचता येते. पत्त्याच्या अंगावरून जाड टाकाने ओढलेला तीनचा आकडा, म्हणजे वसूल करायचे पेन्स. १६६०च्या कायद्याने ऐंशी मैलांपलीकडच्या एका कागदाला तीन पेन्स ठरले होते, १७११मध्ये ते चार झाले. एक्झेटर लंडनपासून ऐंशी मैलांच्या चांगलंच पलीकडे. तेव्हा हे पत्र १७११च्या वाढीपूर्वीचं, एका कागदाचं, आणि लंडनच्या दारावर तीन पेन्स मोजून घेतलेलं.